जगप्रदक्षिणेची क्रूझ: आधी व्हिसा, मग केबिन

जगप्रदक्षिणेच्या माहितीपत्रकात पहिली दहा पानं केबिन, जेवण आणि सूर्यास्तांची असतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने ते मागून उघडावं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत बंदरांची यादी आणि पैसे भरण्याच्या तारखा छापलेल्या असतात. खरी गाठ तिथेच आहे. जहाज कंपनी पूर्ण रक्कम सहसा निघण्याच्या तीन ते पाच महिने आधी मागते, काही कंपन्या त्याहूनही लवकर. काही देश मात्र व्हिसाचा अर्जच इतक्या उशिरा घेतात की तोवर सगळे पैसे भरून झालेले असतात आणि ते परत मिळण्याची मुदतही उलटत आलेली असते. खालची सगळी आखणी ही गाठ सोडवण्यासाठी आहे.

मार्ग निवडताना

अशा सफरी साधारण १०० ते १४० रात्रींच्या असतात आणि बहुतेक जानेवारीत निघतात. उत्तर गोलार्धात तेव्हा थंडी असते, दक्षिणेत उन्हाळा. मे महिन्यात युरोप आणि अलास्काचा हंगाम सुरू होण्याआधी जहाज परत यावं, हा कंपनीचा हिशेब. ब्रिटनमधल्या साउथहॅम्प्टनहून क्युनार्ड आणि पी अँड ओ या कंपन्यांची जहाजं निघतात. अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेल, मायामी किंवा लॉस एंजेलिसहून हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस, ओशिआनिया, रीजेंट, वायकिंग, तर भूमध्य समुद्रातल्या बंदरांतून कोस्टा आणि एमएससी. कोणत्या वर्षी कोण कुठून निघेल हे बदलतं, पण साचा हाच.

दिशेचा विचार फार कमी लोक करतात. जहाज पश्चिमेकडे जात असेल तर घड्याळ अधूनमधून तासाने मागे जातं, म्हणजे २५ तासांचा दिवस आणि एक तास जास्त झोप. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर २३ तासांचे दिवस येतात, आणि पॅसिफिकमध्ये ते लागोपाठ आले की साठीपुढची माणसं आठवडाभर पेंगत असतात. दोन मार्ग सारखेच आवडले असतील तर पश्चिमेकडचा घ्या.

संपूर्ण फेरी झेपत नसेल तर टप्पा विकत घेता येतो, उदाहरणार्थ लॉस एंजेलिस ते सिडनी किंवा सिंगापूर ते साउथहॅम्प्टन. टप्प्याचं दर रात्रीचं भाडं पूर्ण फेरीपेक्षा बहुधा जास्त पडतं, आणि पूर्ण फेरीवाल्यांना मिळणारे टिप्स, कपडे धुणं, इंटरनेट यांचे फायदे त्यात नसतात. अमेरिकेतला १८८६ चा एक कायदाही आडवा येतो: परदेशी नोंदणीचं जहाज प्रवाशाला एका अमेरिकी बंदरात चढवून, मध्ये दूरचं परदेशी बंदर न घेता, दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. म्हणून 'लॉस एंजेलिसला चढतो आणि होनोलुलूला उतरतो' असं ठरवून चालत नाही. वाटेत मधूनच उतरलात तरी दंड होऊ शकतो.

सफर जाहीर करणारी कंपनी नवी असेल तर एकच प्रश्न विचारा: जहाज आज तिच्या ताब्यात आहे का? 'लाइफ ॲट सी' नावाची तीन वर्षांची सफर नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐनवेळी रद्द झाली, कारण ठरवलेलं जहाज विकत घेणं जमलंच नाही. 'व्हिला व्ही ओडिसी' हे जहाज २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी काही महिने बेलफास्टलाच अडकून पडलं. घर भाड्याने देऊन, सामान बांधून निघालेल्यांसाठी ही साधी गैरसोय नसते.

व्हिसाचं कॅलेंडर

कागद आडवा धरा आणि पाच रकाने आखा: बंदर, तारीख, देश, व्हिसाचा प्रकार, अर्ज कधीपासून करता येतो. चाळीसेक बंदरं भरायला एक संध्याकाळ लागते. ट्रॅव्हल एजंटने तयार यादी दिली तरी स्वतः भरा, कारण कंपनीची व्हिसामाहिती अनेकदा अमेरिकी किंवा ब्रिटिश प्रवाशांसाठी लिहिलेली असते.

भरताना लक्षात ठेवा की जहाजावरून उतरणार नसलात म्हणजे व्हिसा नको, हा समज महागात पडतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जहाजावर बसून राहणाऱ्या परदेशी प्रवाशालाही व्हिसा लागतो. यादीतला एक व्हिसा नसला तरी चढण्याच्या बंदरावरच कंपनी तुम्हाला रोखू शकते, आणि त्याची भरपाई मिळत नाही. हे प्रवासाच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरी मेख म्हणजे प्रवेशांची संख्या. बार्सिलोनाहून जहाज मोरोक्कोतल्या टँजिअरला गेलं आणि मग लिस्बनला आलं, की तुम्ही शेंगेनमधून (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटातून) बाहेर पडून परत आत आलात. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. जपानचंही तसंच: नागासाकी, मग कोरियातलं बुसान, मग पुन्हा योकोहामा असा मार्ग असेल तर दोन प्रवेश लागतात.

अर्जाच्या तारखांची गंमत अशी:

अमेरिकेचा बी-१/बी-२ (पर्यटन आणि कामकाजाच्या भेटीचा) व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो, पण मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात. हा सगळ्यात आधी, डिपॉझिट भरण्यापूर्वी. चालू अमेरिकी व्हिसावर मेक्सिको, पनामा, कोस्टा रिका, कोलंबिया, पेरू अशा देशांत वेगळा व्हिसा लागत नाही. प्रत्येकाच्या मुदतीच्या आणि प्रवेशांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या तपासा. एका अर्जात अर्धं लॅटिन अमेरिका सुटतं.

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. ५ जानेवारीला साउथहॅम्प्टनहून निघायचं तर ५ ऑक्टोबरच्या आधी नाही. सहा महिन्यांचा नेहमीचा व्हिसा मिळाला तर तो मे महिन्यात परत येईपर्यंत पुरतो.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. जहाज एप्रिलअखेर युरोपात पोहोचणार असेल तर खिडकी ऑक्टोबरअखेर उघडते आणि तुम्ही जानेवारीत निघता. हातात दोन-अडीच महिने, त्यात नाताळच्या सुट्ट्या. अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस असाल त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. ताहिती, बोरा बोरा किंवा न्यू कॅलेडोनिया यादीत असतील तर ती शेंगेनमध्ये येत नाहीत. तिथला व्हिसा फ्रान्सच्या कार्यालयाकडे वेगळा मागावा लागतो.

जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा दिल्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. जानेवारीच्या सुरुवातीला निघून मार्चअखेर योकोहामाला पोहोचणार असाल तर भारतात असताना घेतलेला हा व्हिसा तिथे पोहोचेपर्यंत मेलेला असतो. दोन प्रवेशांचा सहा महिने चालतो, तो मागा. काही क्रूझ जहाजांच्या प्रवाशांना जपान व्हिसाविना किनाऱ्यावर उतरू देतं. तुमचं जहाज त्यात आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन असतो, त्यासाठी पासपोर्ट जमा करावा लागत नाही. हाँगकाँगसाठी भारतीयांची मोफत ऑनलाइन पूर्वनोंदणी असते. व्हिएतनामचा ई-व्हिसा ठरावीक प्रवेशद्वारांवरच चालतो. त्या यादीत तुमचं समुद्री बंदर आहे का ते पाहा, नुसतं विमानतळ असून उपयोग नाही.

ऑनलाइन व्हिसा कधीही होतात, पण ब्रिटन, शेंगेन आणि जपानच्या अर्जांच्या वेळी पासपोर्ट त्यांच्याकडे अडकू शकतो. एका वेळी एकच अर्ज. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तिघांनाही बसवायचं आणि मध्ये कुठे कागद कमी पडल्याचा ईमेल यायचा, की सगळी साखळी सरकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, चढण्या-उतरण्याचं बंदर अशा देशात निवडा जिथला लांब मुदतीचा व्हिसा आधीच हातात आहे. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल तर फोर्ट लॉडरडेलहून निघून तिथेच परतणारी फेरी सर्वांत सुरक्षित. दुसरा उपाय सावकाश पण पक्का: २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा असा नियम आहे की गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. ज्यांना तीन वर्षांनी जगप्रदक्षिणा करायची आहे त्यांनी आत्ताच युरोपच्या दोन साध्या सहली उरकाव्यात.

पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान सहा महिने उरली पाहिजे. ३६ पानांच्या पुस्तकात एवढे शिक्के आणि व्हिसा मावत नाहीत. नूतनीकरण करताना ६० पानांचं मागा, शुल्कातला फरक किरकोळ आहे. जुन्या पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असेल तर दोन्ही बरोबर न्या.

अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींची यातली बरीच धावपळ वाचते. त्यांनी एवढंच पाहावं की जहाज मुंबई, मुरगाव किंवा कोचीला थांबत असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) घरी राहू नये.

पैसे: कधी आणि किती

बुकिंग साधारण दीड ते दोन वर्षं आधी उघडतं. कंपनीच्या जुन्या प्रवाशांना काही दिवस आधी संधी मिळते, आणि चांगल्या जागेवरच्या स्वस्त केबिन तेव्हाच जातात. डिपॉझिट बहुधा भाड्याच्या १० ते २० टक्के. ते कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण परत मिळतं, हे बुकिंगच्या कागदावर शोधून गोल करून ठेवा. तिथून पुढे रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम पायऱ्यापायऱ्यांनी १०० टक्क्यांपर्यंत चढते.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादा सहसा आड येत नाही. टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर) मात्र रोख अडकवतो. २०२५-२६ मध्ये परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. अर्थसंकल्पात हे दर बदलत राहतात, म्हणून भरण्याआधी चालू दर विचारा. हा वेगळा कर नाही. विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर हातचा जातो. डिपॉझिट एका आर्थिक वर्षात आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षात गेली तर, कमी दराची अशी मर्यादा असल्यास, ती दोनदा वापरता येते. नवरा-बायको दोघांनी आपापल्या पॅनवर आपापलं भाडं भरावं.

आता खर्चाचा अंदाज. १२० रात्री, दोघं, मधल्या दर्जाची कंपनी, भाडं समजा माणशी २२,००० डॉलर, म्हणजे ४४,०००. यावर टिप्स रोज माणशी १७ डॉलर धरल्या तर ४,०८०. इंटरनेट एका उपकरणाचं रोज २० डॉलर, म्हणजे २,४००. ४५ बंदरांपैकी २० ठिकाणी कंपनीची सहल माणशी १०० डॉलरने घेतली तर ४,०००, आणि उरलेल्या २५ ठिकाणी स्वतः टॅक्सी-बसने फिरून माणशी ३० प्रमाणे १,५००. व्हिसा १,५०० आणि विमानभाडं २,००० धरू. बेरीज १५,४८०. भाड्यावर एक तृतीयांशाहून जास्त, आणि त्यात विमा, मद्य किंवा खरेदी धरलेली नाही. टिप्स आणि इंटरनेट भाड्यातच धरणारी महाग कंपनी कधी कधी शेवटी फार महाग पडत नाही. तुलना करताना नेहमी अशी पूर्ण बेरीज मांडा.

एकट्या प्रवाशाला दोन माणसांची केबिन दीडपट ते दुप्पट दराने घ्यावी लागते. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर एकट्यांसाठी बांधलेल्या १५ केबिन आहेत, पण त्या फार लवकर संपतात.

करार काय म्हणतो

कंपनी कोणतंही बंदर गाळू शकते, मार्ग बदलू शकते, आणि बहुतेकदा त्याबद्दल फक्त बंदरशुल्क परत करते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जगप्रदक्षिणांचा सुएझचा टप्पा गळाला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे गेली. ज्यांनी इजिप्त आणि जॉर्डनसाठी पैसे भरले होते त्यांच्या वाट्याला केप टाउन आलं. भारतीय प्रवाशासाठी याचा अर्थ असा की दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अचानक यादीत येऊ शकतो. मार्गबदलाची सूचना आली की पाच रकान्यांचा तक्ता पुन्हा भरा. आणि जहाज एखाद्या बंदरासाठीच निवडलं असेल, तर ते बंदर गळूही शकतं हे गृहीत धरूनच पैसे भरा.

केबिन

इथे फार डोकं लावू नका. हलणं कमी हवं तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर. निवड करताना नकाशात तुमच्या वर आणि खाली काय आहे ते बघा: वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. 'अडथळा असलेलं दृश्य' म्हणजे खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असते, पण उजेड येतो आणि भाडं कमी असतं. चार महिन्यांसाठी खिडकीविना केबिन आम्ही सुचवणार नाही. दहा दिवस चालतं. शंभर दिवस सकाळ-संध्याकाळ न कळता राहणं सगळ्यांना मानवत नाही. बाल्कनी परवडत नसेल तर निदान खिडकी घ्या.

विमा, लसी, औषधं

वर्षभराच्या 'मल्टी ट्रिप' पॉलिसीत एका प्रवासाची मर्यादा ३०, ४५ किंवा ६० अशी दिवसांत असते. चार महिन्यांच्या फेरीला ती निरुपयोगी. एका प्रवासाची पॉलिसी घ्या, ती बहुतेक १८० दिवसांपर्यंत मिळते. कागदावर तीन गोष्टी शोधा: जहाजावरचे उपचार आणि भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च, आधीपासूनच्या आजारांची अट, आणि अमेरिकेसह संरक्षण. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे, पण अमेरिकेतल्या रुग्णालयासाठी ते काहीच नाही. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी तुमच्या खात्यावर चढतं, दावा नंतर. भारतीय पॉलिसींत प्रवास रद्द झाल्याची भरपाई भाड्याच्या मानाने फार छोटी असते, म्हणून वरच्या रद्द करण्याच्या तारखा इतक्या महत्त्वाच्या.

ब्राझील किंवा केनियासारखे देश मार्गात असतील तर पीतज्वराची लस लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते. वय साठच्या पुढे असेल तर या लसीचे दुष्परिणाम जास्त संभवतात. आधी डॉक्टरांशी बोला, लस टाळायची असेल तर तसं वैद्यकीय पत्र घ्या आणि ते चालेल का हे कंपनीला विचारा.

औषधं प्रवासाचे दिवस अधिक ३० या हिशेबाने घ्या. मूळ पाकिटात ठेवा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असू द्या. भारतातलं औषध त्याच नावाने परदेशात मिळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर आखाती देशांत कडक नियम आहेत. किनाऱ्यावर जाताना ती पिशवीत नेऊ नका. अर्धी औषधं हाताच्या बॅगेत, अर्धी सामानात. दातांची कामं निघण्याच्या दोन महिने आधी संपवा, कारण जहाजावर दातांचा डॉक्टर सहसा नसतो.

खाणं, सामान, फोन

शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद दोन-तीन महिने आधी लेखी करा आणि चढल्याच्या पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा. क्रूझवरच्या कर्मचाऱ्यांत गोव्याची आणि मुंबईची माणसं पूर्वापार आहेत. वरण-भात, भाजी मागितली तर बहुतेक मोठ्या जहाजांवर ती मिळते, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. इंडक्शन, राइस कुकर, इस्त्री आणि स्वतःची किटली चढतानाच काढून घेतात. घरचे लाडू, चटणीही बहुधा अडवतात. बंद पाकिटातलं मेतकूट, लोणचं चालतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र त्यातलं काहीही खाली उतरवू नका. जाहीर न केलेल्या खाद्यपदार्थांवर तिथे मोठा दंड आहे.

जहाजावर सामानाला मर्यादा नसली तरी विमानात असते. तीस किलोत चार महिने बसवायचे, म्हणून दहा दिवसांचे कपडे आणि धुण्याचे पैसे.

बँकेचा ओटीपी हा खरा कटकटीचा विषय. बंदर सोडलं की फोन आपोआप जहाजाच्या नेटवर्कला लागतो आणि तिथले दर भयंकर असतात. समुद्रावर फोन कायम एअरप्लेन मोडवर, वरून फक्त वायफाय. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा आणि ओटीपीचे व्यवहार बंदरात उरका. निघण्यापूर्वी वीज, सोसायटी, मालमत्ता कराचे हप्ते आपोआप कापले जातील अशी सोय करा.

चढण्याच्या आदल्या दोन दिवसांत

विमान त्याच दिवसाचं घेऊ नका. किमान दोन दिवस आधी पोहोचा, कारण हिवाळ्यात धुक्यामुळे उड्डाणं खोळंबतात आणि जहाज कोणाची वाट बघत नाही. चढताना अनेक कंपन्या पासपोर्ट ठेवून घेतात, म्हणून पहिलं पान आणि सगळ्या व्हिसांच्या रंगीत प्रती दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येक बंदरात उतरताना जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी आहे का ते पाहून घ्या. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर राहू द्या, फोनवर गावातली वेळ दिसेल. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीने उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंतचा विमानप्रवास तुमच्या खर्चाने, म्हणून अशा दिवशी परतीची वेळ दिलेल्या वेळेच्या दीड तास आधीची धरा. आणि पुढच्या बंदराच्या देशात विमानाने शिरायला तुमचा व्हिसा चालतो का, हेही त्या तक्त्यात सहावा रकाना वाढवून आधीच लिहून ठेवा.